आधी पोर्ट बघा, मग सवलत

पत्र

नमस्कार,

मी पुण्यात राहते, बँकेत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीहून येताना माझ्या दादाने माझ्या मुलासाठी निन्टेंडो स्विच हा गेम कन्सोल आणला, ओलेड स्क्रीनचा. मुलगा अकरा वर्षांचा आहे. खरं सांगायचं तर तो झोपल्यावर मीच जास्त खेळते, रोज पाऊण तास वगैरे. अकाउंट दादाच्या नावाचं, कार्डही त्याचंच. सेल लागला की मी गेम निवडते, तो पैसे भरतो आणि दिवाळीला आम्ही हिशेब करतो. यंदा हिशेबाला बसलो तेव्हा लक्षात आलं की घेतलेल्या गेमपैकी निम्म्याहून जास्त मी उघडलेलेच नाहीत. एका मोठ्या नावाच्या गेमवर ८० टक्के सूट होती म्हणून घेतला, तर तो इतका अडखळत चालतो की डोकं दुखतं. आता मुलाला 'हॉगवर्ट्स लेगसी' आणि 'मॉर्टल कॉम्बॅट १' हवे आहेत, दोन्हींवर भरपूर सूट आहे. माझा स्वतःचा डोळा 'विचर ३' वर आहे. नवरा म्हणतो, हे सगळे गेम माझ्या लॅपटॉपवर चालतात, मग या खेळण्यावर कशाला घेतेस? शिवाय आता स्विच २ आलाय, तर थांबावं का? आणि अजून एक. चाळिशीला टेकलेल्या बाईने रात्री अंथरुणात गेम खेळत बसणं बरं दिसतं का?

– एक वाचक, कोथरूड

उत्तर

नमस्कार. तुमचे प्रश्न पाच-सहा आहेत, पण सेलची मुदत कुणासाठी थांबत नाही, म्हणून मुलाच्या दोन गेमपासून सुरुवात करते.

'मॉर्टल कॉम्बॅट १' घेऊ नका. अमेरिकेत गेमना वयाचं मानांकन देणारी ईएसआरबी ही संस्था त्याला 'एम' देते, म्हणजे वय १७ आणि पुढे. माणसाच्या शरीराचे तुकडे होताना अगदी जवळून दाखवणं हा त्या मालिकेचा अर्धा मसाला आहे. अकरा वर्षांच्या मुलाला नाही म्हणायला एवढं कारण पुरेसं आहे, आणि ते त्याला सरळ सांगावं. पण हाच गेम तुम्ही स्वतःसाठी विचारला असता तरी मी नकोच म्हटलं असतं. सप्टेंबर २०२३ मध्ये तो आला तेव्हा स्विचवरची किंमत मोठ्या कन्सोलइतकीच होती, ७० डॉलर. आणि हातात काय पडलं? चेहऱ्यांवरचे बारकावे पुसले गेलेले, डोळे निर्जीव, लढाई सुरू व्हायच्या आधी लांबलचक लोडिंग. पुढे दुरुस्त्या आल्या, काही गोष्टी सुधारल्याही. तरी जो गेम दोन माणसांना समोरासमोर उभं करून जवळून बघण्यासाठीच बनवलाय, त्यातले चेहरेच गेले की मग राहिलं काय? ७० चा गेम १५ ला मिळाला म्हणून ते चेहरे परत येत नाहीत.

'हॉगवर्ट्स लेगसी'चं उत्तर वेगळं आहे. हा गेमही स्विचवर आणण्याचं काम 'मॉर्टल कॉम्बॅट १' आणणाऱ्याच स्टुडिओकडे होतं, मायामीच्या शिव्हर एंटरटेनमेंटकडे. २०२४ मध्ये निन्टेंडोने तो स्टुडिओ विकतच घेतला. एकाच हाताखालून दोन गेम गेले, पण एक फसला आणि एक बऱ्यापैकी उतरला, त्यामुळे नुसत्या स्टुडिओच्या नावावर विसंबून चालत नाही. प्लेस्टेशन ५ वर हा गेम फेब्रुवारी २०२३ मध्ये आला, स्विचवर यायला नोव्हेंबर उजाडला. मूळ गेममध्ये किल्ल्यातून निघून हॉग्समीड गावात चालत जाता येतं, मध्ये कुठे थांबावं लागत नाही. स्विचवर गावात शिरताना लोडिंग येतं, दुकानात शिरतानाही येतं. झाडोरा विरळ झालाय, वर्दळ कमी झाली आहे, चित्र मऊ पडलंय. पण वर्ग, मंत्र, झाडूवरून उडणं, किल्ल्याच्या कानाकोपऱ्यात दडलेल्या खोल्या हे सगळं आहे, आणि ज्या मुलाला त्या शाळेत शिरायची ओढ आहे त्याला दुकानाच्या दारात थोडं थांबावं लागलं तर चालतं. याचं मानांकन 'टी' आहे, म्हणजे १३ आणि पुढे. तुम्ही अधूनमधून शेजारी बसणार असाल तर अकराव्या वर्षी हरकत नाही असं माझं मत. फक्त पैसे भरण्याआधी तुमचा स्विच २ चा प्रश्न सोडवावा लागेल, तो पुढे घेतेच.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येऊ. तुम्ही आधी सूट बघता, मग नाव बघता, आणि पोर्ट, म्हणजे दुसऱ्या यंत्रासाठी बनलेला गेम या यंत्रावर आणण्याचं काम, कसा झालाय ते पैसे भरल्यावर कळतं. हा क्रम पूर्ण उलटा करा. निन्टेंडो स्वतःचे गेम याच यंत्रासाठी बनवते. बाहेरच्या कंपन्यांचे, म्हणजे थर्ड पार्टी मोठे गेम बहुतेकदा दुसऱ्याच आणि कितीतरी ताकदवान यंत्रासाठी बनलेले असतात आणि मागाहून इथे आणले जातात. स्विच मार्च २०१७ चा. आत एनव्हिडियाची टेग्रा एक्स१ चिप आणि ४ जीबी मेमरी. त्याच्या तीन वर्षांहून आधी आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये मेमरी ८ जीबी, प्रोसेसरचे कोअर आठ, आणि तो कायम प्लगवर चालणार, त्याला बॅटरी जपायची चिंता नाही. वाड्यातून दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहायला येणाऱ्या कुटुंबासारखी पोर्ट करणाऱ्यांची अवस्था असते. कोणतं कपाट ठेवायचं, कोणतं देऊन टाकायचं आणि कशावाचून घर घरासारखं वाटणारच नाही, हे एकेका वस्तूपाशी थांबून ठरवावं लागतं.

काहींनी ते फार सुरेख ठरवलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये टेक्सासच्या पॅनिक बटन या स्टुडिओने 'डूम' स्विचवर आणला. मूळ गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, पळतो, इथे ३० केल्या. पडद्यावर गर्दी वाढली की रेझोल्यूशन, म्हणजे चित्राचा बारकावा, आपोआप उतरेल अशी सोय केली. पळताना कडा पुसट दिसतात त्या 'मोशन ब्लर'खाली बाकीचं बरंच झाकलं. बंदुकीचा दणका आणि राक्षसांचा अंगावर येण्याचा जोर मात्र कमी होऊ दिला नाही, कारण 'डूम' खेळणारा त्याच्यासाठीच आलेला असतो. लंडनच्या फेरल इंटरॅक्टिव्हने 'ग्रिड ऑटोस्पोर्ट' हा मोटार शर्यतीचा गेम आणताना निवड खेळणाऱ्यावरच सोपवली: चित्र सुंदर हवं, वेग हवा की बॅटरी टिकायला हवी, हे सेटिंगमध्ये ठरवा. असं काम बघितलं की त्या माणसांबद्दल आदर वाटतो. असे पोर्ट मी पूर्ण किमतीलाही घ्यायला सांगेन.

वाईट पोर्ट एवढे का निघाले, त्यालाही कारण आहे. निन्टेंडोचा याआधीचा कन्सोल वी यू जेमतेम १ कोटी ३५ लाख विकला गेला आणि बाहेरच्या कंपन्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. स्विच १५ कोटींच्या पुढे गेला. एवढं गिऱ्हाईक दिसल्यावर ज्यांनी या यंत्राचा एरवी विचारही केला नसता तेही आले. त्यात राबून पोर्ट करणारे होते तसे ठरलेली तारीख गाठण्यासाठी करणारेही होते. सेलच्या पानावर दोन्ही शेजारी शेजारी, सारख्याच मोठ्या अक्षरांत सूट लावून उभे असतात.

'विचर ३' राबून केलेल्यांपैकी आहे. जरूर घ्या, पण काय घेताय ते नीट समजून घ्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये सेबर इंटरॅक्टिव्हने, मूळ पोलिश कंपनी सीडी प्रोजेक्ट रेडला सोबत घेऊन, हा अवाढव्य गेम त्याच्या दोन्ही मोठ्या पुरवण्यांसकट ३२ जीबीच्या एका गेम कार्डात बसवला. टीव्हीला जोडल्यावर चित्र जास्तीत जास्त ७२०पी (म्हणजे ७२० आडव्या ओळींचं), हातात धरल्यावर ५४०पी च्या घरात. तुमच्या स्क्रीनची स्वतःची क्षमता ७२०पी आहे, म्हणजे हातातही ते जरा ताणूनच दाखवलं जातं. नोव्हिग्राड शहराच्या बाजारात उभं राहून एकदा गोल वळून बघा. जवळचा माणूस स्पष्ट दिसतो, त्याच्या मागचा पुसट, आणि लांबच्या भिंतींवरचे बारकावे क्षणभर उशिरा भरतात. रानात घोडा पळवलात तर गवत तुमच्यापुढे काही अंतरावर उगवत जातं. दाट झाडीत आणि दलदलीत फ्रेम घसरते. याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो. एकदा ती झाली की समोर ब्लडी बॅरन या पात्राची गोष्ट असते, आणि ती गोष्ट स्विचवर कुठेही उणी झालेली नाही. संवाद, पात्रं, कामगिऱ्या, काही कापलेलं नाही. फेब्रुवारी २०२० च्या अपडेटमध्ये चित्राच्या सेटिंग आल्या, त्यातला ब्लर बंद करून बघा, लहान पडद्यावर फरक पडतो. हा गेमही 'एम' मानांकनाचा आहे, तेव्हा मुलगा झोपल्यावरच.

एक गोष्ट मात्र कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही, आणि तुम्ही चाळिशीचा उल्लेख केलात म्हणून मुद्दाम सांगते: अक्षरं. मोठ्या टीव्हीसाठी बनवलेल्या गेममध्ये पिशवीतल्या वस्तूंची नावं, पत्रं, दुकानातले भाव हे सगळं हातातल्या सात इंची पडद्यावर मुंगीएवढं होऊन बसतं. चष्मा लागायच्या वयात हे फ्रेमपेक्षाही जास्त त्रास देतं, आणि तुमची डोकेदुखी निम्मी तिथूनही आलेली असू शकेल. स्विचच्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'झूम' सुरू करून ठेवा. मग होम बटन दोनदा दाबलं की पडदा मोठा करून वाचता येतो. कामचलाऊ उपाय आहे, पण पत्र वाचण्यापुरता पुरतो.

घेण्याआधी पोर्ट कसा तपासायचा? गेमचा ट्रेलर बघू नका. त्या गेमचं नाव, स्विच आणि 'हँडहेल्ड' असं शोधून कुणीतरी प्रत्यक्ष यंत्रावर खेळतानाचा व्हिडिओ लावा, आणि पहिली मिनिटं सोडून मधलं एखादं गर्दीचं ठिकाण बघा: शहर, पाऊस, मोठी मारामारी. सुरुवातीचे प्रसंग बहुतेक बंदिस्त खोल्यांतले असतात, तिथे सगळेच गेम शहाण्यासारखे वागतात. डिजिटल फाउंड्री ही गेमची तांत्रिक परीक्षणं करणारी मंडळी फ्रेम मोजून आलेखात दाखवतात. त्यांची भाषा तांत्रिक आहे, पण आलेख पडला की पडला, तो कुणालाही कळतो. व्हिडिओची तारीखही बघा. 'आर्क: सर्व्हायव्हल इव्हॉल्व्ड' २०१८ मध्ये स्विचवर आला तो बघवत नव्हता, आणि २०२२ मध्ये तोच नव्याने बांधून दिला. जुनं परीक्षण वाचून नव्या आवृत्तीवर अन्याय होतो, आणि कधी उलटही होतं. ई-शॉपवर, म्हणजे निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानात, डेमो असेल तर मग विचारायलाच नको. तो फुकट आहे, आणि तुमच्याच हातात, तुमच्याच डोळ्यांना कसं वाटतं ते कुठलाही परीक्षक सांगू शकणार नाही.

नावापुढे 'क्लाउड व्हर्जन' लिहिलेलं दिसलं तर सोडून द्या. 'कंट्रोल', 'हिटमन ३' असे गेम स्विचवर त्या रूपात आले. गेम दूर कुठल्यातरी सर्व्हरवर चालतो आणि तुमच्याकडे फक्त त्याचं चित्र येतं. भारतात बसून बटन दाबल्यावर हात उशिरा हलतो, आणि तो सर्व्हर ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी तुमचा गेमही बंद.

सेलची रीत एकदा कळली की घाई आपोआप कमी होते. निन्टेंडोचे स्वतःचे गेम फारसे उतरत नाहीत. २०१७ चा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' कित्येक वर्षं ६० डॉलरलाच राहिला, आणि सूट मिळाली तर साधारण एक तृतीयांश. बाहेरच्या कंपन्यांचं गणित वेगळं. त्यांचा गेम विकसित होऊन, दुसरीकडे विकून पैसे बरेचसे वसूल झालेले असतात, मग इथे ते वर्षातून अनेकदा भाव पाडतात. 'विचर ३' छापील ६० डॉलरचा, पण सेलमध्ये अनेकदा २० च्या आत येतो. म्हणजे आजची सूट हुकली तरी ती पुन्हा येणार. डेकू डील्स या संकेतस्थळावर प्रत्येक गेमच्या किमतीचा इतिहास आलेखात मिळतो: सर्वांत कमी कधी होता, किती वेळा उतरला. हवा तो भाव लिहून ठेवला की तो आल्यावर मेल येतो. हे एकदा लावून ठेवा आणि ई-शॉपच्या सेलच्या पानावर जाणंच सोडा. ते पान तुम्हाला काय हवंय ते विचारत नाही, स्वतःकडे काय आहे ते दाखवतं. तिथल्या 'बेस्ट सेलर' यादीवर तर मुळीच जाऊ नका. स्विचवर ती यादी खपलेल्या नगांवरून लागायची, त्यामुळे दीड-दोन डॉलरला काढलेले किरकोळ गेम चांगल्या गेमच्या डोक्यावर जाऊन बसत. आणि ई-शॉपवर घेतलेला गेम साधारणपणे परत होत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तर ८० टक्के सवलतीचा आकडा आपोआप लहान दिसायला लागेल.

इथे तुमच्या यजमानांच्या म्हणण्याकडे येते, कारण त्यात तथ्य आहे. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात भारतात किमती रुपयांत असतात आणि बऱ्याचदा डॉलरच्या हिशेबापेक्षा कमी पडतात. घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परतही करता येतो. त्यांच्या लॅपटॉपला चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर 'हॉगवर्ट्स लेगसी' किंवा 'विचर ३' तिथे किती तरी देखणे दिसतील. मुलगा टेबलाशी बसून खेळणार असेल आणि लॅपटॉप मोकळा असेल, तर त्याचा गेम तिथेच घ्या. पण तुमच्याबाबतीत त्यांचा हिशेब चुकतोय. तुम्ही लिहिलंय, रोज पाऊण तास. दिवसभर काउंटरवर आणि संगणकावर नजर लावून घरी आलेल्या बाईने रात्री पुन्हा खुर्चीत ताठ बसून लॅपटॉप सुरू करायचा, अपडेट होऊ द्यायचे, गेम उघडायचा, यात त्यातली पंधरा मिनिटं जातात. स्विचचं बटन दाबलं की काल जिथे सोडला तिथेच, त्याच पावलावर गेम उभा असतो, आणि कुणी हाक मारली तर पुन्हा बटन दाबून उठता येतं. थोडी धूसर चित्रं देऊन तुम्ही ही सोय विकत घेताय. हा सौदा तुमच्या आयुष्यात बसतो की नाही, तो तुम्ही ठरवायचा.

आणि तो शेवटचा प्रश्न. बरं दिसतं का म्हणजे कुणाला? त्या वेळी घरातलं कुणी मालिका बघत असतं, कुणी मोबाइलवर बोटं फिरवत असतं, त्यांना हा प्रश्न पडत नाही. तुमच्या दिवसातली तेवढीच वेळ अशी आहे जिच्यावर कुणाचा हक्क नाही, आणि त्यात तुम्ही कुठलीतरी गोष्ट पुढे नेताय, कोडी सोडवताय, हरताय, पुन्हा प्रयत्न करताय. यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही. सकाळी डोळे चुरचुरत असतील तर झोपायची वेळ ठरवून घ्या, एवढंच.

पाऊण तासाला शोभणारे गेम मात्र शोधायला हवेत, आणि थर्ड पार्टीतलं खरं सोनं तिथेच आहे. छोट्या स्टुडिओंचे गेम हलके असतात, या यंत्राला पेलतात, आणि मोठ्या पोर्टसारखी त्यांत तडजोड करावी लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीचा 'हॉलो नाइट' जून २०१८ मध्ये स्विचवर आला. छापील किंमतच १५ डॉलर, सेलमध्ये निम्मी होते, आणि किड्यामुंग्यांचं ते पाताळातलं राज्य हातातल्या पडद्यावर जितकं सुंदर दिसतं तितकंच टीव्हीवर. अवघड आहे, पण एका बसण्यात एक वाट सापडली तरी समाधान होतं. 'स्टारड्यू व्हॅली' एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवलेला, शेतीचा. त्यातला एक दिवस साधारण पंधरा मिनिटांत संपतो, म्हणजे झोपायच्या आधी दोन-तीन दिवस शेत सांभाळून होतं, आणि एकाच टीव्हीवर पडदा विभागून तुम्ही मुलासोबतही खेळू शकता. दोघांनी मिळून हसत खेळण्यासाठी युबिसॉफ्टचा 'रेमन लेजंड्स' घ्या. सेलमध्ये तो दहा डॉलरच्या आसपास येतो, आणि त्यातल्या गाण्याच्या तालावर उड्या मारायच्या पायऱ्या मुलगा तुम्हाला पुन्हा पुन्हा खेळायला लावेल.

पुण्यात राहता म्हणून आणखी एक नाव. 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा गेम नॉडिंग हेड्स गेम्स या आपल्या पुण्याच्याच स्टुडिओने बनवला, आणि तो इतरत्र येण्याआधी ऑगस्ट २०२० मध्ये स्विचवर आला. ज्या कन्सोलची भारतात अधिकृत विक्रीही नाही, त्याच्यावर पुण्याच्या पोरांचा गेम सगळ्यांत आधी पोचला. दुर्गेचं त्रिशूळ हाती घेऊन धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, राजवाडे, भिंतीवरची चित्रं. फार मोठा नाही, काही रात्रींत संपेल. लढाईत थोडा कच्चा वाटतो, पण आपल्या मातीतली गोष्ट आपल्या शहरातल्या माणसांनी अशी मांडलेली बघून मला फार बरं वाटलं, आणि मुलालाही तो नक्की दाखवा.

दादाच्या अकाउंटचं एवढ्यात काहीतरी करा. गेम ज्या अकाउंटवर घेतला त्याचाच राहतो, पुढे दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आज हौसेने घेताय ते सगळे गेम कायदेशीरपणे त्यांचे आहेत, आणि उद्या त्यांनी स्वतःसाठी कन्सोल घेतला की कुठला गेम कुणाच्या यंत्रावर, हा घोळ सुरू होईल. स्वतःचं निन्टेंडो अकाउंट उघडा. ई-शॉप भारतासाठी सुरू नाही, म्हणून इथले बहुतेक लोक देश अमेरिका ठेवतात. तुमच्याकडे तर तिथे राहणारा भाऊच आहे. त्यांनी गिफ्ट कार्डचा कोड पाठवायचा, तुम्ही तो भरायचा. डॉलरचं कार्ड अमेरिकेच्या अकाउंटवरच चालतं, आणि खात्यात शिल्लक असताना देश बदलता येत नाही, एवढं सांभाळा. याचा आणखी एक फायदा तुम्हाला होईल: वर्षाची रक्कम दिवाळीलाच ठरवून तेवढंच कार्ड मागवलं की सेलमध्ये हात आखडता राहतो. आणि न उघडलेले जे गेम पडून आहेत, त्यांतले दोन निवडून आधी खेळायला घ्या. सगळे संपवायचा नवस करू नका. न आवडलेला गेम अर्ध्यात सोडला म्हणून काही बिघडत नाही.

मोठे गेम शक्य असेल तेव्हा डब्यात मिळणाऱ्या गेम कार्डवर घ्यावेत, म्हणजे कंटाळा आल्यावर विकता येतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आयात केलेली कार्डं मिळतात. स्विच कुठल्याही देशाचं कार्ड वाचतो, पण जपानी कार्डात इंग्रजी आहे का ते आधी विचारा, आणि पुढे पुरवणी घ्यायची असेल तर ती कार्डाच्याच विभागाची लागते. डब्याच्या दर्शनी भागावर डाउनलोडची सूचना छापलेली आहे का तेही बघा. मोठ्या क्षमतेचं कार्ड महाग पडतं म्हणून काही कंपन्या अर्धा गेम कार्डात आणि अर्धा इंटरनेटवर ठेवतात. तुमच्या ओलेड स्विचमध्ये जागा ६४ जीबी, त्यात डाउनलोड केलेला एकटा 'विचर ३' निम्मी खाईल.

राहिला स्विच २. जून २०२५ मध्ये तो ४५० डॉलरला आला. १२ जीबी मेमरी, १०८०पी चा ७.९ इंची पडदा, आणि जुने बहुतेक गेम त्याच्यावर चालतात, त्यातले काही दुरुस्ती न करताही आधीपेक्षा सुरळीत. बाहेरच्या कंपन्यांसाठी तर हे फार मोठं पाऊल आहे: 'सायबरपंक २०७७' पहिल्याच दिवशी आला, आणि सीडी प्रोजेक्ट रेडने तो ६४ जीबीच्या कार्डात पूर्ण बसवला. सगळ्यांनी तसं केलं नाही. स्विच २ च्या बऱ्याच डब्यांवर 'गेम-की कार्ड' लिहिलेलं असतं, त्या कार्डात गेम नसतो, फक्त डाउनलोड करण्याची किल्ली असते. विकता येतं, पण इंटरनेटशिवाय पहिल्यांदा चालू होत नाही. तुमच्याकडे जे गेम साठलेत ते बघता मी घाई करणार नाही. 'हॉलो नाइट' आणि 'स्टारड्यू' खेळायला नवं यंत्र लागत नाही, आणि 'विचर ३' तर तुमच्याच स्विचसाठी राबून केलेला आहे.

मात्र दादा पुढच्या फेरीत स्विच २ आणणार असं पक्कं ठरलं असेल, तर 'हॉगवर्ट्स लेगसी' आत्ता घेऊ नका. स्विच २ च्या आवृत्तीत किल्ल्यातून हॉग्समीडला जाताना मधलं लोडिंग गेलंय, आणि मुलाला तो पहिल्यांदा तसाच बघू द्यावा. तसंच, जागा कमी पडते म्हणून मोठं मेमरी कार्ड घ्यायच्या विचारात असाल तर बेताचंच घ्या. स्विच २ ला गेम ठेवायला मायक्रोएसडी एक्स्प्रेस प्रकारचंच कार्ड लागतं, आज घेतलेलं साधं कार्ड तिथे गेमसाठी उपयोगी पडणार नाही.